इस्रायलबाहेरचे पुरोगामी ज्यू काय म्हणतात? लोकशाही, संघर्ष आणि समान हक्कांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाझाच्या युद्धानंतर वाचकांकडून ज्यू समाजाबद्दल प्रश्न यायला लागले आणि अजून थांबलेले नाहीत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. समान नागरिकत्वाची ज्यूंची ही परंपरा मला मोलाची वाटते, हे आधीच सांगून ठेवतो. तिच्यातले मतभेद आणि तिच्यावरचे आक्षेपही शक्य तितके प्रामाणिकपणे मांडले आहेत.

१. ज्यू म्हणजे इस्रायली, असंच ना?

नाही. जगात साधारण दीड कोटी ज्यू आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त इस्रायलबाहेर राहतात. सर्वांत मोठा समाज अमेरिकेत आहे. त्याखालोखाल फ्रान्स, कॅनडा, ब्रिटन, अर्जेंटिना. जगभर विखुरलेल्या या समाजाला 'डायस्पोरा' म्हणतात. दुसरीकडे, इस्रायलचा दर पाचवा नागरिक अरब आहे. त्यामुळे 'ज्यू' आणि 'इस्रायली' हे शब्द एकाच्या जागी दुसरा असे वापरले की दोघांवरही अन्याय होतो. याचे परिणाम किती गंभीर होतात ते प्रश्न १० मध्ये पाहा.

२. 'पुरोगामी ज्यू' हा धर्मातला पंथ आहे की राजकीय विचार?

दोन्ही, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

धर्मात रिफॉर्म, लिबरल वगैरे प्रवाहांना मिळून 'प्रोग्रेसिव्ह ज्युडाइझम' म्हणतात. तिथे बायका रब्बी (ज्यू धर्मगुरू) होतात, स्त्री-पुरुष एकत्र बसून प्रार्थना करतात. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३७ टक्के ज्यूंनी आपण रिफॉर्म असल्याचं सांगितलं, १७ टक्क्यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह (मधल्या वाटेचे) आणि फक्त ९ टक्क्यांनी ऑर्थोडॉक्स (परंपरा काटेकोर पाळणारे). या प्रवाहाशी मुंबईचं नातं जुनं आहे. डॉ. जेरुशा झिराड या कामा हॉस्पिटलमध्ये काम केलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. लंडनमध्ये शिकताना त्यांचा उदारमतवादी ज्यू विचारांशी परिचय झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी मुंबईत 'ज्युइश रिलिजस युनियन' स्थापन केली. या प्रवाहाची जागतिक संघटना लंडनमध्ये उभी राहिली ती त्यानंतर, १९२६ मध्ये. झिराडबाईंना १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

राजकारणात 'पुरोगामी' म्हणजे समान हक्क, नागरी स्वातंत्र्य आणि पॅलेस्टिनींवरच्या लष्करी अमलाला विरोध. रिफॉर्म पंथाचा प्रत्येक माणूस या अर्थाने पुरोगामी नसतो, आणि असे विचार मांडणारे कितीतरी ज्यू देवधर्म मानतच नाहीत.

३. काळे कोट घातलेले दाढीवाले ज्यू पॅलेस्टाइनचा झेंडा घेऊन उभे आहेत, असा फोटो आम्हाला येतो. तेच का हे?

नाही. ते बहुधा 'नेतुरेई कार्ता' नावाच्या छोट्या अतिधार्मिक गटाचे असतात. मसीहा, म्हणजे देवाने पाठवलेला तारणहार, येण्याआधी ज्यू राज्य स्थापणं हे पाप आहे, असं ते मानतात. त्यांचा विरोध समान हक्कांच्या विचारातून येत नाही, आणि बायकांच्या बाबतीत त्यांची मतं अत्यंत जुनाट आहेत. तो फोटो 'बघा, खरे ज्यू काय म्हणतात' असं लिहून पुढे पाठवू नका.

४. ज्यू माणूसच झायोनवादाला विरोध करतो, हे अलीकडचं फॅड नाही का?

झायोनवाद म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं स्वतःचं राष्ट्र उभारण्याची चळवळ. ती जितकी जुनी, तितकाच हा विरोधही जुना आहे. १८९७ च्या ऑगस्टमध्ये बाझेलला पहिली झायोनिस्ट परिषद भरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिल्नात 'बुंद' ही ज्यू कामगारांची संघटना स्थापन झाली. बुंदचं म्हणणं असं होतं, की जिथे जन्मलो, जिथे घाम गाळतो, तिथेच आपली भाषा आणि आपले हक्क घेऊन मानाने राहायचं. त्याआधी १८८५ मध्ये अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी पिट्सबर्गला जाहीर करून टाकलं होतं, की आम्ही राष्ट्र नसून धर्मसमाज आहोत.

यातलं एक नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधले भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे स्वतः ज्यू होते. पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या 'राष्ट्रीय घरा'ला ब्रिटनचा पाठिंबा देणाऱ्या बाल्फोर जाहीरनाम्याचा मसुदा चर्चेत होता तेव्हा ब्रिटिश मंत्रिमंडळात ते एकटेच ज्यू होते, आणि त्याला सर्वांत कडवा विरोध त्यांनीच केला. ज्यूंचं राष्ट्र पॅलेस्टाइनमध्ये आहे असं एकदा ठरवलं, की प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकांना 'तुमच्या देशात जा' म्हणायला मोकळा होईल, अशी भीती त्यांनी ऑगस्ट १९१७ च्या टिपणात मांडली. भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची त्यांची घोषणाही त्याच महिन्यातली. २ नोव्हेंबरला जाहीरनामा निघाला तेव्हा ते भारताच्या वाटेवर होते. इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना आणि पॅलेस्टाइनमधल्या ज्यूएतरांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागू नये, अशी दोन कलमं त्या मजकुरात शेवटी आली.

मग हा विरोध मागे का पडला? नाझींनी साठ लाख ज्यू मारले. बुंदचा पोलंडमधला समाजच्या समाज त्यात संपला. निर्वासितांना दारं बंद करणाऱ्या देशांमध्ये अमेरिका आणि ब्रिटनही होते. 'आहोत तिथेच राहू' म्हणणाऱ्यांना जगाने असं वाऱ्यावर सोडल्यावर स्वतःचं राज्य हवं असं बहुसंख्य ज्यूंना वाटलं, यात नवल नाही. आजच्या पुरोगाम्यांमध्येही झायोनिस्ट भरपूर आहेत.

५. मग या सगळ्यांचं समान म्हणणं तरी काय आहे?

इस्रायलच्या १४ मे १९४८ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात धर्म, वंश, लिंग न पाहता सर्व रहिवाशांना संपूर्ण सामाजिक आणि राजकीय समता देण्याचं वचन आहे. ते वचन पाळा, हे म्हणणं सगळ्यांचं. कसं पाळायचं यावर मात्र वाटा फुटतात.

'न्यू इस्रायल फंड' १९७९ पासून इस्रायलमधल्या नागरी हक्क संस्थांना पैसा पुरवतो. २००८ मध्ये सुरू झालेली 'जे स्ट्रीट' स्वतःला इस्रायलसमर्थक आणि शांततावादी म्हणवते आणि वॉशिंग्टनमध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्यासाठी वजन खर्च करते. 'इफ नॉट नाऊ' हा २०१४ च्या गाझा युद्धातून उभा राहिलेला तरुणांचा गट. 'ज्युइश व्हॉइस फॉर पीस' १९९६ ची, पण २०१९ मध्ये तिने आपण झायोनवादाच्या विरोधात असल्याचं जाहीर केलं. ती इस्रायलवरच्या बहिष्काराला पाठिंबा देते, जे स्ट्रीट देत नाही. या दोन संघटना एका व्यासपीठावर क्वचितच दिसतील.

६. इस्रायलमध्ये अरबांना मत आहे, अरब खासदार आहेत, न्यायाधीश आहेत. मग समान हक्कांची ओरड कशासाठी?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो. तुमचं निरीक्षण खरं आहे. २०२१ मध्ये राआम हा अरब पक्ष सरकारातही सामील झाला होता. पण जॉर्डन नदी ते भूमध्य समुद्र या पट्ट्यात इस्रायली सत्तेखाली राहणारे सगळे पॅलेस्टिनी एकाच दर्जाचे नाहीत.

पहिला दर्जा इस्रायलच्या अरब नागरिकांचा. त्यांना मत आहे. पण १९६६ पर्यंत त्यांच्यातले बहुतेक लष्करी अमलाखाली होते आणि गावाबाहेर जायलाही त्यांना परवाना लागे. जुलै २०१८ मध्ये 'राष्ट्र-राज्य' मूलभूत कायदा ६२ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झाला. स्वयंनिर्णयाचा हक्क फक्त ज्यू लोकांचा असं त्याने लिहून टाकलं आणि अरबी भाषेचा राजभाषेचा दर्जा काढला. 'समता' हा शब्द त्या कायद्यात कुठेच नाही. डायस्पोरातल्या अनेक मोठ्या ज्यू संस्थांनी त्यावर उघड नापसंती दाखवली.

दुसरा दर्जा पूर्व जेरुसलेममधल्यांचा. त्यातले बहुतेक नागरिक नसून 'कायमचे रहिवासी' आहेत. नगरपालिकेला मत देता येतं, संसदेला नाही. बरीच वर्षं बाहेर राहिलं तर तोही दर्जा जाऊ शकतो.

तिसरा वेस्ट बँकचा, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेकडच्या पॅलेस्टिनी भागाचा. १९६७ पासून तिथे इस्रायली लष्कराचा अंमल आहे. एकाच डोंगरावर एक पॅलेस्टिनी गाव आणि एक ज्यू वसाहत आहे असं समजा. दोन्हीकडच्या पंधरा वर्षांच्या पोरांनी एकाच रस्त्यावर दगड मारला. वसाहतीतल्या पोराचा खटला इस्रायलच्या नागरी कायद्याने बाल न्यायालयात चालेल. गावातल्या पोराला लष्करी न्यायालयात उभं केलं जाईल. अटकेनंतर न्यायाधीशासमोर हजर करण्याची मुदत दोघांसाठी वेगळी, शिक्षेचं कमाल प्रमाणही वेगळं. वसाहतीतल्या पोराचे आईबाप ते सरकार निवडतात. गावातल्या पोराचा बाप त्याच सरकारच्या हुकमाखाली जन्मला असला तरी त्याला त्या सरकारसाठी मत नाही.

गाझा हा चौथा दर्जा. तिथल्या युद्धाबद्दल प्रश्न ९ पाहा.

पुरोगामी ज्यूंचा मुद्दा या तिसऱ्या दर्जापाशी सर्वांत टोकदार होतो. दुसऱ्या देशांत अल्पसंख्य म्हणून आपण 'कायदा सगळ्यांना सारखा' अशी मागणी केली, मग जिथे आपण बहुसंख्य तिथे माप का बदलायचं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे चालणार नाही असं ते स्वतःच्या समाजाला ठणकावतात. मला त्यांचं हे धैर्य सर्वांत मोठं वाटतं.

७. हे सगळं धर्मातून आलं की डाव्या चळवळीतून?

दोन्हीकडून. 'परक्याला छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता' ही आज्ञा तोरा या ज्यू धर्मग्रंथात वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येते. वल्हांडणाच्या सणाला घरोघरी गुलामगिरीतून सुटकेची गोष्ट वाचतात. रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल १९६५ मध्ये अमेरिकेतल्या सेल्मात मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर मोर्च्यात चालले, ते या श्रद्धेने. त्याआधी १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी गेलेल्या अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर या दोन ज्यू तरुणांना जेम्स चेनी या कृष्णवर्णीय सहकाऱ्याबरोबर ठार मारलं गेलं. दक्षिण आफ्रिकेत जो स्लोव्हो, अल्बी सॅक्स, हेलन सुझमन वर्णभेदाविरुद्ध उभे राहिले. त्यांची प्रेरणा धर्मापेक्षा राजकीय होती, आणि तिथल्या ज्यू समाजातले बरेच जण तेव्हा गप्प राहिले होते, हेही खरं.

८. २०२३ मध्ये तेल अवीवमध्ये लोकशाहीसाठी लाखो लोक रस्त्यावर आले होते. त्याला यांचा पाठिंबा होता का?

होता. जानेवारी २०२३ मध्ये न्यायमंत्री यारीव लेविन यांनी सर्वोच्च न्यायालयाचे अधिकार छाटण्याची योजना मांडली. न्यूयॉर्क, लंडन, बर्लिनमध्येही निदर्शनं झाली. जुलैमध्ये योजनेचा पहिला कायदा ६४ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला, कारण विरोधकांनी मतदानावर बहिष्कार घातला. १ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने तो ८ विरुद्ध ७ अशा निसटत्या बहुमताने रद्द केला.

मात्र तेव्हाच एक वाद पेटला. निळ्या-पांढऱ्या झेंड्यांच्या गर्दीत एक छोटा गट 'लष्करी ताब्यासोबत लोकशाही नांदत नाही' असे फलक घेऊन यायचा, आणि इतर आंदोलक त्यांना म्हणायचे, हा विषय आत्ता नको. बाहेरच्या अनेक पुरोगामी ज्यूंची सहानुभूती या छोट्या गटाकडे होती. मलाही तो गट बरोबर वाटतो.

९. ७ ऑक्टोबरनंतर तरी यांचे डोळे उघडले नाहीत का?

त्या दिवशी हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेलं. मेलेल्यांमध्ये याच विचारांची माणसं होती. व्हिव्हियन सिल्व्हर कॅनडातल्या विनिपेगच्या. इस्रायलला येऊन गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी किब्बुत्झमध्ये (सामुदायिक वस्तीत) राहिल्या. अरब-ज्यू सहकार्याच्या संस्था त्यांनी चालवल्या. गाझातल्या आजारी माणसांना सीमेवरून स्वतःच्या गाडीत घालून इस्रायलच्या इस्पितळात पोचवायच्या. २०१४ च्या युद्धानंतर 'विमेन वेज पीस' ही चळवळ उभी करणाऱ्यांत त्या होत्या. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायली आणि पॅलेस्टिनी बायकांचा मोठा मेळावा झाला. तीन दिवसांनी त्यांना त्यांच्या घरात मारलं. महिनाभर त्या ओलीस असाव्यात असा समज होता, नोव्हेंबरमध्ये अवशेषांवरून ओळख पटली. त्यांच्या मुलाने सूड मागितला नाही. तो आईचं शांततेचं काम करतो आहे.

काहींची मतं बदलली, हे मान्य करायला हवं. डाव्या चळवळीतले आपलेच मित्र ज्यूंच्या कत्तलीवर दोन शब्द बोलत नाहीत, हा घाव अनेकांना बसला आणि तो खरा होता. आणखी काही जण उलट दिशेने गेले. ऑक्टोबर २०२३ मध्येच ज्यू आंदोलकांनी 'आमच्या नावाने नको' म्हणत न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्टेशन अडवलं. २०२५ संपेपर्यंत गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीत मृतांचा आकडा ७०,००० च्या पुढे गेला होता. दोन्हीकडच्या मेलेल्यांसाठी एकाच प्रार्थनेत रडणारे रब्बी आहेत, आणि त्यांना दोन्हीकडून शिव्या बसतात.

१०. इस्रायलवर टीका केली की 'ज्यूद्वेष' म्हणतात. यांचं यावर काय मत?

सरकारच्या धोरणावर टीका हा ज्यूद्वेष नाही, आणि ज्यूद्वेष कल्पनेतलाही नाही. ही दोन्ही वाक्यं ते एकत्र म्हणतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या 'ट्री ऑफ लाइफ' सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) एका गोऱ्या वंशवाद्याने ११ जणांना मारलं. निर्वासितांना मदत करणाऱ्या ज्यू संस्थेवर त्याचा राग होता. आणि मुंबईकरांना २६/११ चं नरिमन हाउस सांगायला नको.

वाद आहे तो व्याख्येवर. 'आयएचआरए' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येतली बरीच उदाहरणं इस्रायलसंबंधी आहेत. तिचा मूळ मसुदा लिहिणारे केनेथ स्टर्न यांनीच विद्यापीठांतली भाषणं दाबण्यासाठी तिचा वापर होतो, याला विरोध केला. २०२१ मध्ये अभ्यासकांनी 'जेरुसलेम जाहीरनामा' ही पर्यायी व्याख्या पुढे आणली. व्यवहारात एक कसोटी उपयोगी पडते. इस्रायलच्या सरकारऐवजी तुमच्या शेजारच्या ज्यू माणसाला जाब विचारला जात असेल, तर तो द्वेषच.

११. 'अपार्थाइड' हा शब्द ज्यू स्वतः वापरतात का?

काही वापरतात. जानेवारी २०२१ मध्ये 'ब्त्सेलेम' या इस्रायली मानवी हक्क संस्थेने नदीपासून समुद्रापर्यंतच्या व्यवस्थेला तो शब्द लावला. बरेच पुरोगामी तो टाळतात, किंवा फक्त वेस्ट बँकपुरता वापरतात. शब्दावर अडण्यापेक्षा प्रश्न ६ मधली वस्तुस्थिती तपासा असं मी सुचवीन.

१२. न्यूयॉर्कमध्ये बसून इस्रायलला शहाणपण शिकवणं सोपं आहे. मुलं सैन्यात कोणाची जातात?

या आक्षेपात वजन आहे. संसदेत त्यांचं मत नाही, आणि नसावं असं बहुतेक पुरोगामीही म्हणतात. परदेशी स्थायिक झालेल्या इस्रायली नागरिकालाही तिकडून मत देता येत नाही.

पण नातं एकतर्फी नाही. देणग्या त्यांच्याकडून येतात. 'जगभरच्या ज्यूंच्या वतीने' असं इस्रायलचे नेते बोलतात, तेव्हा यांचं नाव वापरलं जातं. आणि १९५० चा 'परतीचा कायदा' तर त्यांना थेट हक्क देतो. १९७० च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबांपैकी एक जण ज्यू असला तरी पुरतं. ब्रुकलिनचा नातू ज्या हैफात कधी पाऊल ठेवलं नाही, तिथला नागरिक होऊ शकतो. १९४८ मध्ये हैफातून बाहेर पडावं लागलेल्या पॅलेस्टिनी कुटुंबाचा बैरुतमधला नातू तिथे परत जाऊ शकत नाही. आपल्या नावाने मिळालेला हा हक्क आहे, म्हणून बोलण्याची जबाबदारीही आपली, असं त्यांचं उत्तर आहे.

१३. कोकणातल्या बेने इस्रायलींचा या विषयाशी काही संबंध?

थेट आहे. तेलाच्या घाण्यावर काम करणारे आणि शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले हे मराठी ज्यू. त्यांना इथे छळ सोसावा लागला नाही. १९४८ नंतर हजारो जण इस्रायलला गेले. कामात आणि घरं मिळण्यात दुजाभाव होतो म्हणून त्यांच्यातल्या काहींनी सुरुवातीच्या वर्षांतच धरणं धरलं, आणि १९५२ मध्ये एक गट भारतात परतलाही.

मोठा अपमान पुढे होता. तिथे लग्नं ऑर्थोडॉक्स रब्बींच्या ताब्यात असतात, नागरी विवाहाची सोय नाही. मुख्य रब्बीनेटने, म्हणजे रब्बींच्या अधिकृत धर्मपीठाने, १९६२ मध्ये फर्मान काढलं, की बेने इस्रायली माणसाचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी त्याची आई, आजी, पणजी यांची कुळी जमेल तितकी मागे तपासावी. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळलेल्यांना आता ज्यूपणाचा पुरावा मागितला जात होता. १९६४ च्या उन्हाळ्यात ते जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. रब्बीनेटला फर्मानातून त्यांचं नाव काढावं लागलं.

म्हणून इस्रायलमधले सगळे मराठी ज्यू पुरोगामी आहेत असं समजू नका. ते सगळ्या पक्षांना मतं देतात.

१४. गांधीजी आणि आइनस्टाइन यांची नावं या वादात कशी येतात?

नोव्हेंबर १९३८ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं, की इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाइन अरबांचं. जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा सल्ला दिला. मार्टिन बुबर आणि जुडा मॅग्नेस या ज्यू विचारवंतांनी त्यांना खुली पत्रं लिहिली. हे दोघे ज्यू आणि अरब यांच्या समान हक्काच्या राज्याचे पुरस्कर्ते होते, म्हणून त्यांचे आक्षेप जास्त बोचतात. छळछावण्यांसमोर सत्याग्रह कसा चालणार, या प्रश्नाला गांधीजींकडे पुरेसं उत्तर नव्हतं असं माझं मत आहे. जून १९४७ मध्ये आइनस्टाइन यांनी नेहरूंना ज्यूंच्या बाजूने पत्र लिहिलं. नेहरूंनी सहानुभूती दाखवली, पण नोव्हेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताने पॅलेस्टाइनच्या फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिलं.

१५. तोडगा काय सुचवतात?

एकमत नाही. दोन राष्ट्रं, हा जुना आणि अजूनही सर्वांत जास्त पाठिंब्याचा मार्ग. पण वेस्ट बँकमध्ये पाच लाखांच्या आसपास ज्यू वसाहतवाले आहेत, त्यांचं काय, हा प्रश्न सुटत नाही. दोन राष्ट्रं पण सीमा खुली आणि संस्था सामाईक, अशी महासंघाची योजना इस्रायली आणि पॅलेस्टिनी कार्यकर्ते मिळून मांडतात. तिसरा मार्ग सर्वांना समान मत असलेल्या एका राज्याचा. नदी ते समुद्र या पट्ट्यात आज ज्यू आणि पॅलेस्टिनी साधारण सारख्याच संख्येने, प्रत्येकी सत्तर लाखांच्या घरात आहेत. त्यामुळे या मार्गात ज्यू बहुसंख्य राहतीलच असं नाही, आणि बहुतेक ज्यूंची भीती नेमकी तीच आहे. १९४८ चं समतेचं वचन कुठल्याही मार्गाने पाळा, पण मतहीन माणसांवरचं राज्य कायमचं ठेवू नका, इथे सगळे एकत्र येतात.

१६. स्वतःच्या समाजात यांना काय ऐकावं लागतं?

'स्वतःचा द्वेष करणारे', 'घरभेदी'. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटिश ज्यूंच्या 'बोर्ड ऑफ डेप्युटीज' या प्रातिनिधिक संस्थेच्या ३६ सदस्यांनी गाझातल्या युद्धाविरुद्ध वर्तमानपत्रात खुलं पत्र लिहिलं, तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली. सणाच्या जेवणाला बाप-लेकीचं बोलणं बंद होतं, अशा हकिगती सर्रास ऐकू येतात. तरुणांमध्ये मात्र हे विचार आईबापांच्या पिढीपेक्षा जास्त दिसतात.

१७. मी मराठी आहे, ज्यू नाही. यांचं म्हणणं पुढे पाठवताना काय पाहू?

'ज्यू स्वतःच म्हणतात' असं लिहू नका. संघटनेचं किंवा माणसाचं नाव लिहा, कारण दुसरा ज्यू त्याच्या उलट म्हणत असतो. आइनस्टाइनच्या नावाचं वाक्य असेल तर ते कोणत्या पत्रातलं आणि कोणत्या तारखेचं ते शोधा. सापडलं नाही तर पाठवू नका. इथल्या मशिदीला किंवा सिनेगॉगला तिकडच्या बातमीशी जोडणारा मजकूर असेल तर तिथेच थांबवा. ओळखीचं ज्यू कुटुंब अलिबागला किंवा ठाण्याला राहत असेल, तर गाझावर त्यांचं मत काय हे त्यांनी स्वतः विषय काढल्याशिवाय विचारू नका.